गेम अवघड केला की मजा वाढते का? अवघड नक्की काय केलंय त्यावर आहे

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "मी सगळे गेम नॉर्मलवर खेळतो. मित्र म्हणतात हार्डवर खेळला नाहीस तर खेळलास असं म्हणूच नको, म्हणून स्कायरिम सगळ्यात वरच्या डिफिकल्टीवर लावला तर दोन दिवसांत वैताग आला. पण सेकिरोमध्ये डिफिकल्टीचं सेटिंगच नाहीये आणि तिथे एका बॉसकडून (म्हणजे वाट अडवून बसलेल्या मोठ्या शत्रूकडून) चाळीसेक वेळा मेलोय तरी सोडवत नाहीये. मग अवघड म्हणजे मजा जास्त हे खरं का खोटं? आणि सेटिंग खाली आणणं म्हणजे चीटिंग का?"

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. माणूस तोच, हात तेच, आणि एका अवघड गेमने वैताग आणला तर दुसऱ्याने झपाटून टाकलं, म्हणजे फरक अवघडपणा कमी-जास्त असण्याचा नाहीये, तो कुठल्या जातीचा आहे त्याचा आहे. मी चौदा वर्षं गेम बनवतोय आणि त्यातली बहुतेक वर्षं कॉम्बॅट बॅलन्सिंगमध्ये गेलीत, म्हणजे शत्रू किती मारणार, किती मार खाणार, मारायच्या आधी किती वेळ इशारा देणार हे आकडे बसवायचे, मग लोकांना खेळायला बसवायचं, त्यांच्या मागे गुपचूप उभं राहून बघायचं आणि परत आकडे बदलायचे. त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे, उत्तर लांबणार आहे.

आधी स्कायरिमचं बघू. त्यात लेजेंडरी, म्हणजे सगळ्यात वरची डिफिकल्टी, लावलं की काय होतं तर तुम्ही देता तो डॅमेज पाव होतो आणि तुम्हाला बसतो तो तिप्पट. संपलं. म्हणजे आधी जो डाकू दहा घावांत पडायचा त्याला आता चाळीस घालायचे, आणि तुम्ही आधी नऊ फटके सोसत होतात तिथे आता तीन. डाकू मात्र तोच आहे, तसाच सरळ अंगावर येतोय, तशीच तलवार फिरवतोय, त्याच्या डोक्यात काही नवीन शिरलेलं नाहीये. तुम्हाला जे चांगलं जमत होतं तेच आता चारपट वेळ करायचंय. पाचव्या घावालाच तुम्हाला त्याचा सगळा खेळ कळलेला असतो, उरलेले पस्तीस घाव ही नुसती मजुरी. खेळणारे अशा शत्रूला बुलेट स्पंज, म्हणजे गोळ्या शोषत बसणारा स्पंज, म्हणतात ते उगाच नाही.

हा प्रकार इतका सर्रास का दिसतो तर तो बनवायला सगळ्यात स्वस्त आहे. गेम जवळपास तयार झालेला असतो, सगळी टीम नॉर्मल मोड नीट करण्यात गुंतलेली असते, हार्डसाठी वेगळे शत्रू, वेगळी हालचाल, वेगळ्या जागा करायला महिने लागतील आणि ते महिने हातात नसतात, मग एका तक्त्यात दोन गुणक टाकले की झाला हार्ड मोड. मीसुद्धा केलंय हे, एकदा नाही तीन-चारदा. त्यामुळे एखाद्या गेमचा हार्ड मोड तुम्हाला कंटाळवाणा वाटला तर तुमच्यात काही कमी आहे असं पटकन समजू नका, बऱ्याचदा तो मोड कोणी मन लावून खेळून बघितलेलाच नसतो.

याच्या उलट टोकाला गोल्डनआय बघा, 1997 चा, निन्टेंडो 64 वरचा. त्यात डिफिकल्टी वाढवली की शत्रू जास्त मारतात हे आहेच, पण त्याच्याबरोबर कामंही वाढतात. पहिलीच लेव्हल धरणाची, सगळ्यात सोप्या मोडमध्ये शेवटपर्यंत पोचून उडी मारायची एवढंच, मधल्या मोडमध्ये वाटेतले अलार्म बंद करा, आणि सगळ्यात वरच्या मोडमध्ये त्याशिवाय मोडेम बसवा, डेटा मिळवा, तेव्हा कुठे उडी. म्हणजे सोप्यात ज्या खोल्यांकडे तुम्ही ढुंकूनही बघितलं नव्हतं त्या खोल्यांमध्ये आता जावंच लागतं, आणि तीच लेव्हल नवी वाटायला लागते. पुढच्या वर्षीच्या थीफमध्ये तर एक्स्पर्टवर माणूस मारायचाच नाही अशी अट पडते, तलवार कमरेला आहे पण चालवायची नाही, सगळा विचारच बदलतो. अशा ठिकाणी वरचा मोड लावल्यावर मजा वाढते याबद्दल मला शंका नाही, कारण तिथे वेळ वाढत नाही, विचार वाढतो.

आता सेकिरोकडे, आणि तुमच्या त्या चाळीस मरणांकडे. इथे मी माझ्याच कामातली एक गोष्ट सांगतो कारण तिच्यातून मी जे शिकलो ते मला कुठल्याच लेखातून कळलं नव्हतं.

आम्ही एका गेममध्ये पुलावरचा एक बॉस केला होता, हातात लांब दांड्याचं कुऱ्हाडीसारखं हत्यार, तीनच हल्ले: एक आडवा, एक वरून खाली, आणि एक धावत येऊन भोसकायचा. आडवा करायच्या आधी तो दांडा उजव्या खांद्यामागे न्यायचा आणि क्षणभर थांबायचा, हा थांबायचा वेळ मी 34 फ्रेम ठेवला होता. सेकंदाला साठ चित्रं, म्हणजे साठ फ्रेम, दाखवणाऱ्या गेममध्ये 34 फ्रेम म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त. माणसाच्या डोळ्याला काही दिसून बोट हलायला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे 15 फ्रेमच्या आसपास, आणि ते सुद्धा काय करायचं ते आधीच ठरलेलं असेल तर. कुठला हल्ला येतोय हे ओळखून त्याप्रमाणे बटण निवडायचं तर अजून वेळ हवा. त्यामुळे 34 मध्ये बघायला, ओळखायला आणि हलायला पुरेशी जागा होती, पण ढिलाई करायला नव्हती.

टेस्टिंगला एक मुलगी आली होती, ॲक्शन गेम फार न खेळलेली. पहिल्या आठ-दहा वेळा ती काही सेकंदांत मेली. मग मी बघत होतो तर तिचं बटणं बडवणं कमी होत गेलं. बाराव्या की तेराव्या वेळी तिने हल्ला करणंच सोडलं, नुसती मागे सरकत राहिली आणि बघत राहिली. त्याच्या पुढच्या वेळी बॉसने दांडा खांद्यामागे नेला आणि तिच्या तोंडून हलकेच "आडवा" असा शब्द निघाला, आणि ती खाली वाकली. तिथून पुढे प्रत्येक हल्ल्याचं नाव ती पुटपुटायची आणि बरोबर हलायची. जिंकल्यावर तिने कंट्रोलर मांडीवर ठेवला, दोन्ही तळवे पँटला पुसले, मागे वळून मला विचारलं की शेवटी शेवटी तुम्ही त्याला हळू केलंत का हो? आम्ही काहीही हात लावला नव्हता. बॉस तोच होता, वेगही तोच होता, तिचा हात बसला होता. आपण बदललोय हे तिला कळलं नव्हतं, तिला वाटलं समोरचा बदलला. अवघड गेममधली मजा जर मला कोणी बोट ठेवून दाखवायला सांगितली तर मी या क्षणावर ठेवीन.

आता यातला दुसरा भाग. वरून सूचना आली की बॉस अजून कडक हवा. मी तो थांबायचा वेळ 34 वरून 16 फ्रेमवर आणला आणि त्याची भरपाई म्हणून त्याची हेल्थ बरीच कमी केली, म्हणजे जिंकायला लागणारे प्रयत्न साधारण तेवढेच राहावेत. आणि राहिलेही तेवढेच. कागदावर दोन्ही बॉस सारखेच अवघड. पण खेळणाऱ्यांच्या तोंडाकडे बघितलं तर सगळं वेगळं, कोणी बघत नव्हतं, बघून उपयोगच नव्हता, 16 फ्रेममध्ये ओळखून हलणं बहुतेकांना शक्य नव्हतं, सगळे अंदाजाने लोळण घेत होते आणि कधीतरी पाठोपाठ चार-पाच अंदाज बरोबर आले की जिंकत होते. जिंकल्यावर चेहरा कोरा. एकाने तर "सुटलो" म्हणून पुढचा दरवाजा उघडला, मागे वळूनही बघितलं नाही. मेलेल्यांना मी विचारलं का मेलात, तर उत्तर यायचं "काय माहीत". आधीच्या बॉसला हाच प्रश्न विचारला की उत्तर यायचं "मी लवकर उठलो", "मी हावरटपणा केला, एक घाव जास्त मारायला गेलो". मी दुसऱ्या दिवशी आकडा परत 34 वर नेला, त्यावर वादही झाला, पण मी तिथून हललो नाही.

तेव्हापासून डिफिकल्टी मोजायला मी मरणाची संख्या धरत नाही, मेल्यावरचं उत्तर धरतो. "माझं चुकलं" असं मनात आलं की माणूस परत जातो. "काय माहीत" आलं की दोन-चार वेळा जातो. आणि "हा रडीचा डाव आहे" असं आलं की संपलं, मग गेम कितीही सुंदर असू दे. तुमच्या सेकिरोच्या बॉसकडून चाळीसदा मरूनही तुम्हाला सोडवत नाहीये कारण बहुतेक वेळा कशाने मेलात ते तुम्हाला दिसतंय, आणि पुढच्या वेळी अजून दोन सेकंद जास्त टिकू असं आतून वाटतंय.

यालाच जोडून अजून एक गोष्ट आहे जिच्याकडे खेळणाऱ्यांचं फारसं लक्ष जात नाही पण आमची डोकेफोड तिच्यावरच होते, ती म्हणजे मेल्यापासून परत त्याच जागी उभं राहायला किती वेळ लागतो. सुपर मीट बॉय, 2010 चा, भयंकर अवघड गेम आहे, पण करवतीत चिरडलात की पापणी लवायच्या आत परत सुरुवातीला उभे, लेव्हलही छोट्या छोट्या, राग यायला सुद्धा वेळ मिळत नाही. वर लेव्हल पूर्ण झाली की तुमचे आधीचे सगळे फसलेले प्रयत्न एकाच वेळी पडद्यावर धावताना दाखवतो, त्या झुंडीतला एकच शेवटपर्यंत पोचतो आणि तो तुमचा जिंकलेला प्रयत्न, फसलेल्यांचंही चीज होतं. 2018 चा सेलेस्ट त्याच वाटेने गेला. कपहेडमध्ये मेल्यावर एक छोटी रेघ दिसते, बॉसच्या किती जवळ पोचला होतात ते दाखवणारी, शेवटच्या टोकाला बोटभर अंतरावर मेलात हे कळलं की जी चुटपुट लागते ना, तीच परत खेळायला लावते. साधी एक रेघ, पण ती नसती तर तोच बॉस लोकांना दुप्पट अवघड वाटला असता असं माझं ठाम मत आहे.

उलट काही गेममध्ये बॉसकडे जायला दरवेळी दोन-दोन मिनिटं तोच रस्ता, तेच शत्रू, त्याच उड्या. हॉलो नाइटचा पुढचा भाग सिल्कसाँग सप्टेंबर 2025 मध्ये आला तेव्हा सगळ्यात जास्त तक्रारी कशाच्या होत्या तर बॉसच्या बरोबरीने या चालत जाण्याच्या, आणि निर्मात्यांनी पहिल्याच पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटमध्ये, सुरुवातीचे दोन बॉस थोडे नरम केले. तो गेम मला मनापासून आवडतो, पण त्या वाटा काही ठिकाणी कमी असत्या तर त्याचा कस तसूभरही कमी झाला नसता. चुकायची किंमत असावी, नाहीतर जिवाची धाकधूक राहत नाही, पण ती किंमत ज्या गोष्टीत चुकलो त्या गोष्टीशी जोडलेली असावी. बॉसच्या आडव्या घावात चुकलो तर परत बॉसपुढे उभं करा, मधल्या दरीवरून पंधराव्यांदा उडी मारून मी काय शिकणार?

"अवघड म्हणजेच खरा गेम" ही समजूत आली कुठून तेही बघण्यासारखं आहे. आर्केडच्या जमान्यात मशीनमध्ये नाणं टाकून खेळायचं, खेळणारा जितका वेळ उभा तितका मालकाचा तोटा, त्यामुळे दोन-तीन मिनिटांत माणूस मरायलाच हवा असा हिशोब होता. घोस्ट्स अँड गॉब्लिन्स, 1985 चा, दोन फटक्यांत मारायचा, आणि जीव तोडून शेवटापर्यंत पोचलात तर सांगायचा की हा सगळा भ्रम होता, आता परत पहिल्यापासून दुसऱ्यांदा पूर्ण करा. मग तेच गेम आणि तीच सवय घरच्या कन्सोलवर आली, जिथे नाणं टाकायचा प्रश्नच नव्हता. 1986 मध्ये जपानमध्ये सुपर मारिओ ब्रदर्स 2 आला तो इतका कडक होता की अमेरिकेत त्या वेळी तो आणलाच नाही, तिथे 1988 मध्ये त्याच नावाने वेगळाच गेम दिला गेला. म्हणजे जुन्या गेमचा अवघडपणा हा बराचसा धंद्याचा हिशोब होता. लहानपणी आपण त्यांच्यात झिजलो म्हणून त्याबद्दल माया वाटते, मलाही वाटते, पण म्हणून तो प्रत्येक ठिकाणी चांगलाच होता असं नाही.

त्यातला एक अपवाद मात्र सांगायलाच हवा. स्पेस इन्व्हेडर्स, 1978. त्यात शत्रू कमी होतील तसे उरलेले जोरात पळायला लागतात. हे ठरवून केलेलं नव्हतं, मशीनच्या प्रोसेसरला कमी आकृत्या काढायच्या असल्या की तो आपोआप जलद चालायचा, आणि बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादोंनी ते तसंच ठेवलं कारण खेळायला ते फार छान वाटत होतं. शेवटचा एक शत्रू वेड्यासारखा धावतोय आणि तुम्ही श्वास रोखून नेम धरताय. तुम्ही जिंकायच्या जवळ आलात म्हणूनच ते अवघड झालंय, अवघडपणाची इतकी साधी आणि इतकी सुंदर चढण मला पुढे फार कमी ठिकाणी दिसली.

आता चीटिंगबद्दल. इथे मी थोडा कडक बोलणार आहे कारण या शब्दाने लोकांचा खूप आनंद हिरावलाय.

तुम्ही "शुद्ध" नॉर्मल किंवा हार्ड म्हणून जे खेळता त्यातल्या बऱ्याच गेममध्ये आम्ही तुम्हाला गुपचूप मदत करत असतो. क्रॅश बँडिकूट, 1996 चा, तुम्ही एकाच जागी पुन्हा पुन्हा मेलात की तुम्हाला संरक्षणाचा मुखवटा हातात द्यायचा, काही न बोलता. रेसिडेंट ईव्हिल 4 तुमचा खेळ बघून शत्रूंचा जोर आतल्या आत वरखाली करतो. एक्सकॉम 2 मध्ये सोप्या मोडवर पडद्यावर दिसणाऱ्या टक्क्यांपेक्षा तुमचा नेम लागायची खरी शक्यता जास्त असते, कारण पंच्याऐंशी टक्के दिसल्यावर नेम चुकला तर माणसाला फसवल्यासारखं वाटतं. आणि सेलेस्ट, ज्याला सगळे काटेकोर गेम म्हणतात, त्यात तुम्ही कड्यावरून पाय सुटल्यानंतरही साधारण एक दशांश सेकंद उडी मारू शकता. तुम्हाला वाटतं आपण अगदी टोकावरून उडी घेतली, खरं तर पायाखाली काही नव्हतं. ही मदत काढून टाकली तर गेम जास्त अवघड होईल आणि जास्त खोटा वाटेल, कारण तुमच्या डोळ्याला आणि बोटाला जे बरोबर वाटलं ते गेमने चूक ठरवलं असं होईल. मग ही लपवलेली मदत चालते आणि मेनूत जाऊन तुम्ही स्वतःच्या हाताने घेतलेली मदत तेवढी चीटिंग, हे मला कधीच पटलेलं नाही. समोर दुसरा माणूस खेळत असेल, रँक लागत असेल, तर नियम सगळ्यांना सारखे हवेत, तिथे प्रश्नच नाही. एकट्याच्या गेममध्ये तुम्ही फसवणार कोणाला?

काही जुन्या गेमनी तर सोपा मोड निवडणाऱ्याला लाज वाटेल अशी सोय केली होती. वुल्फेन्स्टाइन 3डी मध्ये सगळ्यात सोपा मोड निवडला की नायकाच्या डोक्यावर बाळाचं टोपडं आणि तोंडात चोखणी. अनेकांना त्यात गंमत वाटते. मी इतक्या लोकांना टेस्टिंगच्या खुर्चीत त्या एका निवडीपाशी अवघडून बसलेलं बघितलंय, आणि उगाच वरचा मोड निवडून अर्ध्या तासात निराश होऊन उठलेलं बघितलंय, की मला ते अजिबात आवडत नाही. याच्या शेजारी हेडीस ठेवा. त्यातला गॉड मोड तुम्हाला सुरुवातीला 20 टक्के संरक्षण देतो आणि प्रत्येक मरणाला 2 टक्के वाढवतो, 80 पर्यंत. म्हणजे गेम तुमच्याकडे थोडा थोडा सरकत येतो आणि तुमचा हात बसेल तिथे तुमची त्याची गाठ पडते. गोष्टीतलं काही कापत नाही, टोमणा मारत नाही. आणि ज्यांना उलट दिशेने जायचंय त्यांच्यासाठी एकदा शेवटापर्यंत पोचल्यावर अटी स्वतः निवडून वाढवायची सोय आहे. मला वाटतं अवघडपणा द्यायची इतकी समजूतदार पद्धत क्वचितच जमलीय.

मग सेकिरोने सेटिंग दिलं नाही ते चूक का? मी म्हणेन नाही. तो सगळा गेम एकाच लयीवर उभा आहे, तलवारीला तलवार भिडवण्याच्या, ती लय शिकला नाहीत तर आत फारसं काही उरत नाही, आणि त्यांनी ते जाणूनबुजून स्वीकारलंय. पण त्याच लोकांनी 2022 मध्ये एल्डन रिंग केला तेव्हा वेगळा रस्ता काढला. सेटिंग तिथेही नाही, पण दारातला बॉस जड जातोय तर घोड्यावर बसा आणि दुसरीकडे जा, लेव्हल वाढवा, मदतीला आत्मा बोलवा, दुसऱ्या खेळाडूला बोलवा. डिफिकल्टीचं बटण त्यांनी सगळ्या जमिनीवर पसरून ठेवलं. लोक तिथेही भांडतात की आत्मा बोलवला तर जिंकलं असं नाही, माझ्या मते ज्यांनी तो आत्मा बनवून, ट्यून करून गेममध्ये ठेवला त्यांना तो वापरलेला हवाच होता.

आणि अवघड हे गेममध्ये नसतंच पूर्ण, ते गेम आणि खेळणारा यांच्या मधे असतं. जुन्या निन्टेंडोवरच्या टेट्रिसमध्ये 29 वी लेव्हल आली की तुकडे इतक्या जोरात पडायचे की वर्षानुवर्षं तिथेच गेम संपला असं धरायचे. मग लोकांनी कंट्रोलर पाठीमागून बोटांनी वाजवायची पद्धत काढली आणि डिसेंबर 2023 मध्ये 13 वर्षांच्या एका मुलाने इतक्या पुढे नेला की गेमच गोठला. कोडची एक ओळही बदललेली नव्हती. उलट बाजूने, ज्याचा एक हात नीट चालत नाही, ज्याला रंग ओळखू येत नाहीत, ज्याला आवाज ऐकू येत नाही, त्याच्यासाठी तुमचा ईझी हा नाइटमेअर असू शकतो. द लास्ट ऑफ अस पार्ट 2 ने 2020 मध्ये साठाहून जास्त ॲक्सेसिबिलिटी सेटिंग दिली, अंध लोकांनी तो गेम पूर्ण केला, आणि ते दमले, घाबरले, मेले, जिंकले. त्यांचा गेम सोपा झाला नव्हता, खेळता येण्यासारखा झाला होता.

मानसशास्त्रातला फ्लोचा विचार या विषयात सगळे सांगतात, मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी 1975 मध्ये मांडलेला, की आव्हान कौशल्यापेक्षा फार जास्त झालं तर घबराट, फार कमी झालं तर कंटाळा, मधल्या पट्ट्यात माणूस हरवून जातो. बरोबरच आहे ते. पण नवे डिझायनर त्याचा अर्थ असा घेतात की गेम सतत त्या मधल्या रेषेवर ठेवायचा, आणि मग असा गेम होतो ज्यात काही चूक नाही आणि काही आठवतही नाही. लाट हवी. लेफ्ट 4 डेड ने 2008 मध्ये हेच केलं, आत एक डायरेक्टर नावाची यंत्रणा खेळाडूंवर किती ताण आलाय ते बघते, ताण शिगेला पोचला की शत्रू आवरते घेते, थोडी उसंत देते, मग परत झुंड सोडते. ती उसंत नसेल तर आधीची झुंड पचतच नाही. अवघड बॉसनंतर साधे शत्रू येतात आणि तुम्ही त्यांना सहज कापत जाता ना, तेव्हाच तुम्हाला कळतं की आपण किती पुढे आलोय. त्या सोप्या भागाशिवाय अवघड भागाची मजा अर्धी.

तर तुमच्यासाठी. स्कायरिम बिनधास्त खाली आणा, तिथे वर ठेवून तुम्ही फक्त वेळ घालवताय. कुठलाही नवा गेम असला तर नॉर्मलवर सुरू करा, एक-दोन तास खेळा, आणि स्वतःला विचारा की शत्रू बघून मी काही ठरवतोय का नुसतं एकच बटण दाबतोय? एकच बटण दाबत असाल तर एक पायरी वर जा, आणि वर गेल्यावर नुसतीच लढाई लांबली, तुमचं वागणं काही बदललं नाही, तर परत खाली या. दिवसभर डोकं पिकलेलं असेल तर त्या दिवशी सोप्यावर खेळा, तोही तुमचाच गेम आहे. मित्राला हार्डमध्ये खरंच मजा येत असेल, त्याचा हात तिथे बसला असेल, त्याची मजा खोटी नाही, पण ती त्याच्या हाताच्या मापाची आहे.

आणि सेकिरोचा तो बॉस. तिथे खाली आणायला काही नाही, तेव्हा आज बसलात की पहिले पाच प्रयत्न जिंकायचे नाहीत असं आधीच ठरवून जा. हल्ला करायचा नाही, नुसता बचाव, आणि त्याच्या तलवारीकडे बघू नका, खांद्याकडे बघा, हात निघायच्या आधी खांदा निघतो. प्रत्येक हल्ल्याला तुमचं स्वतःचं एक नाव द्या आणि तो आला की मोठ्याने म्हणा, घरात कोणी हसलं तरी म्हणा. पाच वेळा असं मेल्यावर सहाव्या वेळी तलवार उचला.